प्रवाह, अस्थैर्य आणि नवापूरचा किनारा : रासायनिक आकृतिबंधांच्या सिद्धांताची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : अभिक्रिया, विसरण, प्रवाह, अस्थैर्य, द्विस्थैर्य, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, तारापूर, नवापूर

प्रस्तावना

रासायनिक अभिक्रियांमधून आपोआप उमटणारे आकृतिबंध हा विषय गेल्या सात दशकांत रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र या तीन शाखांच्या सीमेवर वाढला. पाठ्यपुस्तकांतून आणि लोकप्रिय विज्ञानलेखनातून त्याची जी कथा सांगितली जाते ती साधारणपणे ठरलेली आहे. १९५१ च्या सुमारास बोरिस बेलूसोव्ह या सोव्हिएत संशोधकाला सायट्रिक आम्ल, ब्रोमेट आणि सेरियम यांच्या मिश्रणाचा रंग पिवळा, रंगहीन, पुन्हा पिवळा असा बदलत राहताना दिसला. असे घडणे अशक्य आहे, असे सांगून त्याचा लेख परत पाठवण्यात आला. १९५२ मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी अभिक्रिया आणि विसरण यांच्या संयोगातून एकजिनसी द्रवात ठिपके व पट्टे उमटू शकतात, असे गणिताने दाखवले. १९६० च्या दशकात अनातोल झाबोतिन्स्की यांनी बेलूसोव्हचे काम पुढे नेले, १९७० मध्ये झैकिन यांच्यासह पसरट थरातील वर्तुळाकार लहरी प्रसिद्ध केल्या आणि १९७७ मध्ये इल्या प्रिगोजिन यांना समतोलापासून दूर असलेल्या व्यवस्थांच्या अभ्यासाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. नाकारला गेलेला संशोधक, अकाली निधन पावलेला गणिती आणि अखेरीस जागतिक गौरव अशी ही कथा नाट्यमय आहे आणि ती खोटीही नाही. मात्र तिच्यात एक घटक सातत्याने दुय्यम राहिला आहे. तो घटक म्हणजे प्रवाह.

या कथेत प्रवाहाचे काम हमालाचे आहे. ताजे अभिक्रियाकारक आत आणावेत, वापरलेले बाहेर न्यावेत आणि रंगमंचावर दिसू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. ही मांडणी अपुरी आहे. प्रवाह हा अस्थैर्याचे स्वतंत्र कारण असू शकतो, हे १९९० च्या दशकातील संशोधनाने सिद्ध केले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सिद्धांताची हीच उपेक्षित शाखा महाराष्ट्राच्या एका किनाऱ्याशी थेट संबंधित आहे. पालघर जिल्ह्यातील नवापूर (नंदुरबार जिल्ह्यातील त्याच नावाचे तालुक्याचे गाव नव्हे) हे बोईसरच्या पश्चिमेस समुद्रकाठी वसलेले गाव आहे. तारापूर औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून वाहिनीने याच गावाच्या किनाऱ्यावरून समुद्रात सोडले जाते. रसायनशास्त्राचे विद्यार्थी ज्याला खुले अभिक्रियापात्र म्हणतात, त्याचे जिल्ह्यातील सर्वांत मोठे उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पुस्तकात मात्र त्याच जागी काचेच्या बशीतील निळी-तांबडी वर्तुळे आहेत.

खुले पात्र आणि दोन परस्परअनभिज्ञ परंपरा

बंद पात्रातील अभिक्रिया कितीही वेळ रंग बदलत राहिली तरी शेवटी ती समतोलाकडे जाते. उष्मागतिकीचा दुसरा नियम तिला दुसरा मार्ग ठेवत नाही. आंदोलने कायम टिकवायची असतील तर पात्र खुले असावे लागते. येथे मराठी परिभाषेविषयी एक गोष्ट नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये. 'समतोल' आणि 'स्थिर अवस्था' हे शब्द वर्गात अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. समतोलात काहीही वाहत नाही. स्थिर अवस्थेत सर्व काही वाहत असते, फक्त आकडे बदलत नाहीत. हा फरक पुसला गेला की पुढील सर्व विवेचन निरर्थक होते. ('आंदोलन' या शब्दाचा बोईसर-पालघर परिसरात रूढ असलेला दुसरा अर्थ विद्यार्थ्यांना अधिक परिचित आहे, हेही खरेच.)

१९८० च्या दशकाच्या आरंभी डे केपर, कस्टिन आणि एपस्टाइन यांनी सतत ढवळल्या जाणाऱ्या प्रवाही पात्रात नवीन आंदोलनी अभिक्रिया योजनापूर्वक तयार केल्या. त्यांची रीत अशी होती की, प्रथम अशी अभिक्रिया शोधायची जिच्या दोन स्थिर अवस्था एकाच प्रवाहवेगाला शक्य असतील, आणि नंतर तिला मंद प्रतिपोषणाची जोड द्यायची. म्हणजे आंदोलनाचे मूळ द्विस्थैर्यात होते आणि द्विस्थैर्याची किल्ली प्रवाहवेगात होती. पुढे १९९० मध्ये बोर्दो येथील गटाने क्लोराइट, आयोडाइड आणि मॅलोनिक आम्ल यांच्या अभिक्रियेत ट्युरिंगने भाकीत केलेला स्थिर आकृतिबंध प्रथमच प्रत्यक्ष दाखवला. या प्रयोगाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. अभिक्रिया जेलच्या तुकड्यात घडत होती. जेलचे प्रयोजन द्रवाची हालचाल थांबवणे हे होते आणि ताजी रसायने जेलच्या कडांवरून सतत वाहत होती. प्रवाहाशिवाय प्रयोग उभा राहत नव्हता आणि प्रवाह आत शिरला असता तर आकृतिबंध पुसला गेला असता. ज्याच्यावाचून चालत नाही त्यालाच उंबऱ्याबाहेर उभे करणारी ही रचना विषयाच्या एकूण मनोवृत्तीची निदर्शक मानावी लागेल.

याच काळात, किंबहुना त्याच्या बऱ्याच आधीपासून, रासायनिक अभियांत्रिकीत अस्थैर्याचा विचार सर्वस्वी वेगळ्या गरजेतून चालू होता. लिलयेनरोट यांनी १९१८ मध्येच अमोनियाच्या ऑक्सिडीकरणात एकाहून अधिक स्थिर अवस्था असू शकतात हे ओळखले. सेम्योनोव्ह यांनी १९२८ मध्ये औष्णिक स्फोटाचा सिद्धांत मांडला. व्हान हेअर्डेन यांच्या १९५३ च्या लेखातील आकृती आजही अभियांत्रिकीच्या वर्गात काढली जाते. पात्रात निर्माण होणाऱ्या उष्णतेची रेषा इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळणदार असते, बाहेर नेल्या जाणाऱ्या उष्णतेची रेषा सरळ असते आणि या दोन रेषा तीन ठिकाणी छेदू शकतात. खालचा छेद म्हणजे थंड, जवळजवळ विझलेले पात्र. वरचा म्हणजे पेटलेले. मधला छेद कागदावर असतो, प्रत्यक्षात टिकत नाही. १९५५ मध्ये बिलू आणि ॲमंडसन यांनी याला स्थैर्याच्या गणिताची बैठक दिली आणि १९७४ मध्ये उप्पल, रे व पूर यांनी अशा एका साध्या पात्रात किती प्रकारची वर्तने संभवतात याचा नकाशा तयार केला.

या दोन परंपरा एकमेकींकडे अपवादानेच पाहतात. रसायनशास्त्रज्ञ ज्याला 'स्वयंसंघटन' म्हणतो त्यालाच अभियंता 'धोका' म्हणतो, आणि समीकरणे मात्र एकाच घराण्यातली असतात. पहिल्या परंपरेला सौंदर्याचे आकर्षण होते, दुसरीला नुकसानाची धास्ती. लोकप्रिय विज्ञानाने पहिलीचा स्वीकार केला. प्रिगोजिन आणि इझाबेल स्टेंगर्स यांच्या १९८४ मध्ये इंग्रजीत आलेल्या 'ऑर्डर आउट ऑफ केऑस' या ग्रंथाने तर अव्यवस्थेतून व्यवस्था निर्माण होण्याच्या कल्पनेला तत्त्वज्ञानाचे वलय दिले. त्या वलयाचा परिणाम असा झाला की, अस्थैर्यातून नवी घडण होते हे वाक्य सर्वतोमुखी झाले, आणि अस्थैर्यातून पात्र विझते किंवा फुटते हे वाक्य अपघाताच्या चौकशी अहवालापुरते उरले.

महाराष्ट्रातील काम या दृष्टीने अधिक संतुलित आहे, आणि त्याची पुरेशी चर्चा झालेली नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एल. के. दोरायस्वामी आणि बी. डी. कुलकर्णी यांनी प्रवाही पात्रांतील अस्थैर्याचा विचार अभियांत्रिकीच्या बाजूने, परंतु आधुनिक अरैखिक गणिताची भाषा वापरून केला. त्यांचा १९८७ मधील 'द ॲनालिसिस ऑफ केमिकली रिॲक्टिंग सिस्टिम्स : अ स्टोकॅस्टिक ॲप्रोच' हा ग्रंथ शीर्षकापासूनच वेगळी भूमिका घेतो. पात्रातील चढउतार हा मोजमापातील दोष न मानता अभ्यासाचा विषय मानावा, ही ती भूमिका होय. कुलकर्णी यांना १९८८ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक अभियांत्रिकी विज्ञानासाठी मिळाले. मुंबईत ज्येष्ठराज जोशी यांनी बुडबुडा-स्तंभांसारख्या बहुप्रावस्था पात्रांतील प्रवाहाच्या स्थैर्यावर दीर्घकाळ काम केले. तात्पर्य, साधने घरात होती. ती बोईसरपर्यंत का पोचली नाहीत, हा प्रश्न केवळ विज्ञानाचा नाही, अध्यापनाचाही आहे.

प्रवाह हेच कारण

ट्युरिंगच्या सिद्धांतात आकृतिबंध उमटण्यासाठी दोन घटकांची विसरणगती पुरेशी भिन्न असावी लागते. उत्तेजक हळू पसरावा, निरोधक वेगाने पसरावा. द्रावणातील लहान रेणूंच्या विसरणगती मात्र साधारण सारख्याच असतात. प्रत्यक्ष प्रयोगाला ट्युरिंगनंतर अडतीस वर्षे लागली त्यामागे हे एक मोठे कारण होते. (बोर्दोच्या प्रयोगात ही अडचण स्टार्चने सोडवली. आयोडिनची ओळख पटावी म्हणून घातलेला स्टार्च आयोडाइडला धरून ठेवत होता आणि त्यामुळे उत्तेजकाचा वेग आपोआप मंदावला होता. हे स्पष्टीकरण लेंडयेल आणि एपस्टाइन यांनी १९९१ मध्ये दिले.)

रोविन्स्की आणि मेंझिंगर यांनी १९९२ मध्ये वेगळी वाट दाखवली. दोन घटकांची विसरणगती सारखी असली तरी चालेल. त्यांपैकी एक वाहत असावा आणि दुसरा जागेवर खिळलेला असावा, एवढे पुरेसे आहे. दुसऱ्या वर्षी त्यांनी याचा प्रयोग केला. बेलूसोव्ह-झाबोतिन्स्की अभिक्रियेतील फेरॉइन हा उत्प्रेरक आयन-विनिमय रेझिनच्या कणांवर बांधून नळीत भरला आणि उरलेले द्रावण त्यातून वाहू दिले. प्रवाहवेग एका मर्यादेच्या खाली असताना नळी एकसारखी राहिली. मर्यादा ओलांडताच तिच्यातून पट्ट्यांची मालिका सरकू लागली. अभिक्रिया तीच, रसायने तीच. बदलला तो फक्त वेग. १९९९ मध्ये केर्न व मेंझिंगर आणि स्वतंत्रपणे अँड्रेसन व सहकारी यांनी त्याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आणली. सर्व घटक एकाच वेगाने वाहत असले तरी, नळीच्या तोंडाशी रसायनांचे प्रमाण अचल ठेवल्यास नळीत स्थिर उभे पट्टे दिसू शकतात, कारण घड्याळातील काळ हा नळीतील अंतरात उलगडला जातो.

हा विचार प्रयोगशाळेबाहेर फार लवकर गेला. १९९९ मध्ये क्लाउसमायर यांनी अर्धशुष्क प्रदेशांतील उतारांवर दिसणारे झुडुपांचे समांतर पट्टे याच तत्त्वाने समजावले. तेथे पाणी उतारावरून वाहते आणि झाडे रुजलेली असतात. युरोपातील वॉडन समुद्राच्या उथळ भागातील शिंपल्यांच्या पट्ट्यांनाही पुढे असेच स्पष्टीकरण मिळाले. भरतीचे पाणी शैवाल आणते आणि शिंपले तळाला धरून असतात. किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. डोल जाळे लावणारा मच्छीमार जाळे खुंटाला बांधतो आणि पाण्याच्या ओढीवर सोपवतो. एक खिळलेले आणि एक वाहते यांच्या संबंधावरच त्याचा व्यवसाय उभा आहे.

या शाखेतील एका भेदाची येथे नोंद घ्यावी लागेल. अस्थैर्य दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात लहानसा क्षोभ जिथे निर्माण झाला तिथेच वाढतो. दुसऱ्या प्रकारात तो वाढतो, पण वाढता वाढता प्रवाहाबरोबर पुढे जातो. निर्माण झालेल्या जागी पुन्हा शांतता पसरते. दुसऱ्या प्रकारात, उगमाशी ठेवलेला मापक काही क्षण हलतो आणि स्थिरावतो, तर खालच्या अंगाला असलेल्यांना मोठी लाट भेटते. नवापूरचा विचार करताना हे चित्र अतिशय मोहक वाटते. म्हणूनच ते वापरताना संयम आवश्यक आहे. प्रक्रिया होऊन बंद नळातून जाणारे सांडपाणी हे स्वयंउत्प्रेरक माध्यम नव्हे. त्यातील क्षोभ वाटेत स्वतःहून वाढत नाही. वाहिनीला या अर्थाने अस्थिर म्हणणे ही उपमा होईल, विज्ञान होणार नाही. या विषयावरील लोकप्रिय लेखनात अशा उपमांचा सुळसुळाट आहे. बाजारभाव, शहरांची वाढ, जनमत अशा कशालाही 'स्वयंसंघटित' म्हणण्याची सवय जडली आहे. उपमा बाजूला ठेवली तर मग सिद्धांताचा कोणता भाग शब्दशः लागू पडतो, हे तपासणे भाग आहे.

बोईसरचे केंद्र : शब्दशः लागू पडणारा भाग

तो भाग नळात नाही. केंद्राच्या जैविक टाकीत आहे. आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मांडलेली सक्रिय गाळ पद्धत आज जगभर वापरली जाते. हवा दिलेल्या टाकीत जिवाणू सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य खातात, वाढतात, निवळण टाकीत खाली बसतात आणि त्या गाळाचा बराचसा भाग पुन्हा पहिल्या टाकीत आणला जातो. जिवाणू जिवाणूंना जन्म देतात. म्हणजेच ही अक्षरशः स्वयंउत्प्रेरक अभिक्रिया आहे आणि ती खुल्या, ढवळलेल्या, प्रवाही पात्रात चालते. मोनो आणि नोविक-झिलार्ड यांनी १९५० मध्ये अशा पात्राचे गणित दिले. त्याचा गाभा सोपा आहे. जिवाणूंच्या वाढीचा वेग प्रवाहाने वाहून जाण्याच्या वेगाहून कमी झाला की ते पात्रातून धुपून जातात. गाळ परत फिरवल्याने ही मर्यादा पुष्कळ लांबते, ती नाहीशी होत नाही. निवळण टाकीतून गाळ निसटू लागला की ती पुन्हा समोर येते.

अन्नच विष असेल तर प्रश्न बिकट होतो. फिनॉलसारखे द्रव्य अल्प प्रमाणात जिवाणूंचे खाद्य असते आणि अधिक प्रमाणात त्यांची वाढ रोखते. अँड्र्यूज यांनी १९६८ मध्ये दाखवले की, अशा परिस्थितीत एकाच प्रवाहवेगाला आणि एकाच आवक-प्रमाणाला दोन स्थिर अवस्था शक्य असतात. एकीत पाणी स्वच्छ होते आणि जिवाणू भरपूर असतात. दुसरीत पाणी जसेच्या तसे बाहेर पडते आणि जिवाणू जवळजवळ नसतात. दोन्हींच्या मध्ये एक अस्थिर अवस्था असते आणि ती पाणलोटाच्या धारेसारखे काम करते. तीव्र सांडपाण्याचा एखादा लोंढा टाकीला धारेपलीकडे ढकलू शकतो. त्यानंतर आवक पूर्ववत झाली तरी टाकी पूर्ववत होत नाही. अशा केंद्रांतील कर्मचाऱ्यांना ही गोष्ट समीकरणांवाचून माहीत असते. जैविक टाकी 'मेली' की दुसरीकडून गाळ किंवा शेण आणून ती पुन्हा जिवंत करावी लागते. व्हान हेअर्डेनच्या आकृतीतील विझलेले पात्र ते हेच.

तारापूर येथील केंद्राची क्षमता दीर्घकाळ दररोज २५ दशलक्ष लिटर होती. त्या क्षमतेपेक्षा अधिक सांडपाणी तेथे येत असल्याचा मुद्दा वारंवार पुढे आला, आणि नंतर ५० दशलक्ष लिटर क्षमतेचे नवे केंद्र उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. अशा चर्चांमध्ये क्षमतेचा अर्थ पिंपाच्या मापासारखा घेतला जातो. पिंप भरले की जास्तीचे सांडते, बाकीचे सुरक्षित राहते. प्रवाही पात्र असे वागत नाही. उदाहरणादाखल २५ दशलक्ष लिटरची टाकी घेतली तर दररोज तेवढ्याच आवकीला पाणी तिच्यात सरासरी २४ तास राहते. आवक ३० झाली तर २० तास, आणि साडेसदतीस झाली तर १६ तास. जास्तीच्या पाण्यापुरतीच प्रक्रिया कमी होते असे नसून टाकीतील सर्व पाण्याला मिळणारा वेळ कमी होतो. आणि मर्यादा ओलांडली गेली तर थोडीशी जास्त आवक संपूर्ण प्रक्रिया बंद पाडू शकते. पंचवीसऐवजी तीस म्हणजे पाच जास्त, हा हिशेब येथे चालत नाही.

सरासरीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. सांडपाण्यातील प्रदूषकांचे मापन बहुधा चोवीस तासांच्या मिश्र नमुन्यावर होते. समजा एखाद्या दिवशी वीस तास आवकीचा सीओडी लिटरमागे १,००० मिलिग्रॅम आणि चार तास ७,००० मिलिग्रॅम आहे. मिश्र नमुना २,००० दाखवील. जिवाणूंना २,००० मिलिग्रॅमचे पाणी कधीच भेटलेले नसते. त्यांनी वीस तास पोटभर खाल्ले आणि चार तास विष सोसले. ज्या क्रियेचा वेग प्रमाणाशी सरळ रेषेत बदलत नाही तिथे सरासरी आवकीचा परिणाम आणि परिणामांची सरासरी या दोन भिन्न गोष्टी होतात. आवक समान करण्यासाठी असलेली इक्वलायझेशन टाकी काही तासांचे चढउतार पुष्कळ सौम्य करते. काही दिवस टिकणाऱ्या लोंढ्यापुढे ती हतबल ठरते, कारण तिचे आकारमानच तिची स्मृती ठरवते.

येथे सिद्धांतावरही आक्षेप घेणे प्राप्त आहे. अँड्र्यूजचे द्विस्थैर्य, मेंझिंगरचे पट्टे, बोर्दोचा जेल या सर्वांत आवक अचल गृहीत धरलेली आहे. १९९९ च्या उभ्या पट्ट्यांचा तर तोच पाया आहे. नळीच्या तोंडाशी प्रमाण डळमळले की पट्टे जागा सोडतात. औद्योगिक क्षेत्राची आवक अचल नसते. कारखाने घाणे काढतात, पाळ्या बदलतात, सुट्या येतात, पावसाळ्यात पाणी शिरते. प्रयोगशाळेने ज्या गोष्टी आवर्जून वगळल्या त्यांचीच इथे वस्ती आहे. चढउतारांना मध्यवर्ती मानणारी पुण्याच्या प्रयोगशाळेतील १९८७ ची भूमिका म्हणूनच बोईसरला अधिक जवळची ठरते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूरचा आकडा २००९ मध्ये ७२.०१ होता, २०१८ मध्ये तो ९३.६९ झाला आणि त्या यादीत तारापूर देशात पहिले आले. हवा, पाणी आणि जमीन यांची एका संख्येत बेरीज करणारा असा निर्देशांक तुलनेसाठी उपयुक्त असेलही, परंतु घसरण हळूहळू झाली की एखाद्या टप्प्यावर अचानक, हे तो सांगू शकत नाही. मंडळाने २०१४ पासून मोठ्या प्रदूषक उद्योगांना आणि सामायिक केंद्रांना सतत मोजणारी उपकरणे बसवण्यास सांगितले, ही सुधारणा निःसंशय महत्त्वाची आहे. तथापि अशा उपकरणांचा भर बाहेर पडणाऱ्या पाण्यावर असतो. टाकी धारेपलीकडे गेल्यावर बाहेरचा आकडा बिघडतो. तोपर्यंत जिवाणू गेलेले असतात. शेफर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एकत्र मांडलेला निष्कर्ष येथे उपयोगी पडतो. व्यवस्था संक्रमणाच्या जवळ येते तसतशी ती लहान धक्क्यातून सावरण्यास अधिकाधिक वेळ घेऊ लागते. टाकीतील विरघळलेला ऑक्सिजन एका छोट्या चढउतारानंतर किती वेळात मूळ पातळीवर येतो, हे आठवड्यामागून आठवडे नोंदवले तर सरासरी अगदी ठीक दिसत असतानाही धोक्याची सूचना मिळू शकते. उपकरणे असलेल्या केंद्रात त्यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही. असलेल्या आकड्यांकडे वेगळ्या रीतीने पाहावे लागते.

नळ आणि समुद्र

बोईसरहून निघालेला लोंढा वाटेत पसरून सौम्य होतो, ही समजूत जी. आय. टेलर यांच्या १९५३-५४ च्या संशोधनापुढे टिकत नाही. खळाळत्या प्रवाहाच्या नळात द्रव्य लांबीच्या दिशेने पसरते खरे, पण काही किलोमीटरच्या अंतरात हे पसरणे मिनिटांच्या हिशेबात मोजावे लागते. केंद्रातून तासभर बाहेर पडलेले निकृष्ट पाणी नवापूरला जवळजवळ तासभराच्याच गोळ्याच्या रूपात पोचते. नळ सरासरी काढत नाही. किनारी समुद्रासाठी सीओडीचे मानक लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे. महिन्याच्या सरासरीत ते पाळले गेले तरी त्या एका तासाचा उलगडा होत नाही.

समुद्र दिवसातून साधारण चारदा दिशा बदलतो. ओहोटीने नेलेले पाणी पुढच्या भरतीला काही अंशी परत येते. उधाणाच्या दिवसांत ओढ जोरदार असते आणि मिश्रण चांगले होते, भांगाच्या दिवसांत पाणी मंद हलते आणि सोडलेले द्रव्य किनाऱ्याजवळ रेंगाळते. नवापूर, उच्छेळी, दांडी, आलेवाडी, नांदगाव, मुरबे या गावांतील मांगेला आणि अन्य मच्छीमारांना या दोन प्रकारच्या दिवसांतील फरक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, कारण डोल जाळ्यांचा हंगाम त्यावरच चालतो. वाहिनी समुद्रात आणखी आत नेण्याच्या योजनेला त्यांनी विरोध केला तेव्हा तो विकासविरोधी ठरवला गेला. सिद्धांताच्या दृष्टीने पाहता त्यांच्या शंकेचा गाभा रास्त होता. सोडण्याची जागा बदलल्याने समुद्राची मिश्रणक्षमता वाढते, परंतु केंद्रातील टाकी विझण्याचा प्रश्न आहे तिथेच राहतो. २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे येथील खंडपीठाकडे दाद मागितली, आणि २०२२ मध्ये लवादाने उद्योगांना व केंद्राला पर्यावरणीय नुकसानभरपाई भरण्याचा आदेश दिला. भरपाई ठरवताना साहजिकच दिवस, प्रमाण आणि मर्यादाभंग मोजले जातात. कायद्याला मोजता येणारा भंग लागतो, आणि अस्थैर्य भंग होण्याआधी सुरू झालेले असते. या दोन काळांमधील अंतर भरून काढण्याचे काम न्यायालयाकडून अपेक्षिणे योग्य नाही. ते रसायनशास्त्राचे काम आहे.

पदवीच्या वर्गात रासायनिक गतिकी शिकवताना बंद चंबू गृहीत धरण्याची प्रथा अजून दृढ आहे. आंदोलनी अभिक्रियेचे प्रात्यक्षिक झालेच तर ते विज्ञान प्रदर्शनात, रंगांच्या कौतुकासाठी. किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावरील महाविद्यालयांना याहून वेगळा प्रकल्प सहज हाती घेता येईल. दोन लिटरचे काचेचे पात्र, मत्स्यालयात वापरतात तसा हवेचा पंप, थेंब मोजून सोडणारी नळी आणि कोणत्याही घरगुती सांडपाणी केंद्रातील थोडा गाळ एवढ्यावर जिवाणूंचे प्रवाही पात्र उभे राहते. आवकीत विषारी द्रव्य न घालता केवळ प्रवाहवेग टप्प्याटप्प्याने वाढवला तरी गाळ धुपण्याची मर्यादा विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसते, कारण गढूळ पात्र दोन-तीन दिवसांत नितळ होते. आणि ते नितळ होणे ही वाईट बातमी आहे, हे त्याच वेळी समजते. किनाऱ्यावरील नोंदींसाठी भरती-ओहोटीचे कोष्टक, पाण्याचा सामू व विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची साधी उपकरणे आणि मच्छीमार संस्थांच्या रोजच्या आवकीच्या वह्या पुरेशा आहेत. नोंदी तासागणिक घ्याव्यात, दिवसाच्या सरासरीने नव्हे, आणि आरंभ अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत करावा, म्हणजे मंद पाण्यात लोंढ्याची कड ओळखणे सोपे जाते.